सीमाभागाचा इतिहास आणि इतिहासाचा शिक्षक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलेलो आहे. भाषणासाठी मला निवडण्याचे हे एकच कारण संस्थेपाशी असले, तरी मला ते पुरेसे वाटते. माझा विषय मराठी साहित्य. इतिहासाचा मी हौशी वाचक. पण आयुष्याच्या उत्तरार्धात एका विद्यापीठाच्या समितीवर काम करण्याचा योग आला. उच्च प्राथमिक वर्गांना समाज विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी बी. एड.चा अभ्यासक्रम नव्याने ठरवायचा होता. त्या कामात जे पाहिले, जे सुचले आणि जे करता आले नाही, ते आज आपल्यापुढे ठेवावे असे योजिले आहे.

आरंभ गुरुजींच्या नकाशापासून करतो. १९६१-६२ साली मी भालकीत सातवीच्या वर्गात होतो. भिंतीवर हैदराबाद संस्थानाचा एक जुना, कडा फाटलेला नकाशा टांगलेला असे. ते संस्थान १९४८ सालीच भारतात विलीन झालेले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याचे तीन तुकडे झाले, तरी आमच्या भिंतीवर ते अखंड होते. गुरुजींनी त्यावर तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांनी आमचा बीदर जिल्हाही तिघांत वाटला होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्ग्याकडचे कोडंगल आणि तांडूर तेलुगू भागात गेले. गुरुजी म्हणत, "रेघ खरी आहे. कागदही खरा आहे. दोन्ही वाचायला शिका." त्यांची बहीण उदगीरला दिलेली होती. एका पावसाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा ती परराज्यातून आली, असे आम्ही पोरे थट्टेने म्हणत असू. गुरुजी त्यावर कधी हसल्याचे मला आठवत नाही.

स्वतः गुरुजींचे शिक्षण कसे झाले होते? प्राथमिक मराठीतून आणि त्यापुढचे सारे उर्दूतून. निजामी अमदानीत प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि वरच्या शाळेला फौकानिया म्हणत. मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे, म्हणून त्याच्या वाटेवरच्या शाळाही उर्दूच्या. म्हणजे गुरुजींनी इतिहास वाचला उर्दूत, तो शिकवला मराठीत आणि १९५६ नंतर नोकरी टिकवण्यासाठी चाळिशीत कन्नडची परीक्षा दिली. त्यांना अध्यापनाचे शास्त्र कोणी शिकवले असेल, तर ते या तीन भाषांच्या फेऱ्याने. ज्याला आपण हल्ली प्रशिक्षण म्हणतो, ते त्यांच्या वाट्याला जेमतेम आले.

'समाज विज्ञान' हा विषय आपल्याकडे जुना नाही. अमेरिकेत १९१६ च्या एका अहवालाने इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची मोट 'सामाजिक अभ्यास' या नावाने बांधली. आपल्याकडे मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये ती कल्पना उचलली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नागरिकशास्त्राच्या जागी राज्यशास्त्र आणावे, असे सुचवले. आज्ञाधारक प्रजा घडविण्याचा वसाहतकालीन वास जुन्या विषयाला येतो, हे त्यामागचे कारण होते. येथे मराठीचा माणूस म्हणून एक शब्द मध्येच घालतो. कन्नडमध्ये या विषयाला 'पौरनीती' म्हणत आले. पौर म्हणजे नगरात राहणारा; त्याने वागावे कसे, ती नीती. आमचा 'नागरिकशास्त्र' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. दोन्ही भाषांतून खेड्यातला माणूस त्या नावापुरता तरी बाहेरच राहिला.

असो. व्यवहारात महत्त्वाचा ठरला तो २००९ चा शिक्षण हक्क कायदा. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक अभ्यास यांसाठी किमान एकेक शिक्षक असलाच पाहिजे, असे त्याच्या अनुसूचीत आहे. म्हणजे आळंद किंवा औराद तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात चालुक्य, मोसमी वारे, ग्रामपंचायत आणि बँक हे सारे एकाच माणसाच्या पदरात येते. तो माणूस पदवीला इतिहास शिकलेला असेल, नसेलही. त्याला घडविण्याचे दिवस मोजके. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले, तेव्हा आम्हांला वाटले, आता जागा मिळाली. आमची समिती त्याच सुमाराची.

या दोन जिल्ह्यांची भूमी म्हणजे शिक्षकासाठी उघडा ग्रंथ आहे. कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात तेथल्या दरबारी 'कविराजमार्ग' हा कन्नडचा आद्य उपलब्ध ग्रंथ झाला, आणि त्यात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचे सांगितले आहे. त्याच मान्यखेटात दहाव्या शतकात पुष्पदंताने अपभ्रंशात 'महापुराण' रचले. पुढे चालुक्यांनी राजधानी कल्याणला नेली, आज तिला आपण बसवकल्याण म्हणतो. सहाव्या विक्रमादित्याच्या काळी तेथे विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, आणि देशाच्या मोठ्या भागात हिंदू कुटुंबाच्या वाटण्या शतकानुशतके तिच्या आधारे होत राहिल्या. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख येतो. मराठी ओवीच्या इतिहासाचा आरंभ सांगताना आम्ही मराठीचे प्राध्यापक ज्या उल्लेखाकडे बोट दाखवतो, तो कन्नड राजाच्या संस्कृत ग्रंथातला, कल्याणच्या दरबारातला आहे. आणि कन्नडांना गोदावरीपर्यंतच्या विस्ताराचा अभिमान देणारा ग्रंथ मळखेडचा. ही दोन गावे एकाच सहलीत पाहून होतात. भाषावार प्रांतांच्या वादात दोन्हीकडच्या पंडितांनी यातला आपापला निम्मा भाग घेतला आणि उरलेला निम्मा शेजाऱ्यासाठी ठेवला. धारवाडच्या शं. बा. जोशींनी कन्नड आणि मराठी यांचे मूळ धागे एकत्र धरून पाहिले, तेव्हा त्यांना दोन्हीकडून बोलणी बसली.

बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णांनी जातीच्या उतरंडीला हात घातला. भालकी-बसवकल्याणच्या मुलाला हे सांगावे लागत नाही, ते त्याच्या घरच्या बोलण्यात असते. पण पाठ्यपुस्तकात बसवण्णांवर काय लिहावे, यावरून २०२२ मध्ये कर्नाटकात केवढे वादळ उठले, ते आपण पाहिले. त्या वादात शिक्षकाने वर्गात काय करावे, याचा एक तासही कोणत्या प्रशिक्षण महाविद्यालयात झाल्याचे मी ऐकले नाही.

बहमनी राज्याची पहिली राजधानी गुलबर्गा, १३४७ पासून. पंधराव्या शतकात ती बीदरला आली. १४७२ मध्ये महमूद गवानने बीदरला जो मदरसा बांधला, त्याच्या भिंतीवरची निळी-पिवळी फरशी अजून पाहता येते. दोन मनोऱ्यांपैकी एक उभा आहे. औरंगजेबाच्या काळी दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग गेला. ही वास्तू म्हणजे एके काळचे विद्यापीठ. ग्रंथालय, मशीद, शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खोल्या असा तिचा थाट. बीदरच्या वास्तूंवर गुलाम यझदानींनी १९४७ साली मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. बीदर शहरात बी. एड. करणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना मी एकदा विचारले, की या मदरशात कोण कोण गेले आहे. बत्तीस हात वर झाले. तेथे काय शिकवत असत, हे विचारल्यावर एकही हात वर राहिला नाही. दोष त्यांचा नाही. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत 'क्षेत्रभेटीचे फायदे लिहा' असा प्रश्न असतो. क्षेत्र कोणते, हे कोणी विचारत नाही.

मराठी घरांत बीदर पोहोचते ते वेगळ्याच वाटेने. मंगळवेढ्याच्या दामाजीने दुष्काळात कोठार लुटविले आणि विठोबा महाराचे रूप घेऊन बीदरच्या बादशहाकडे रक्कम भरावयास गेला, ही कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. गाणगापूर आपल्या कलबुर्गीतले. 'गुरुचरित्रा'चा कर्ता सरस्वती गंगाधर याची घरची भाषा कन्नड असावी, असे अभ्यासक मानतात. त्याच पोथीत बीदरचा मुसलमान राजा नृसिंह सरस्वतींकडे व्याधी घेऊन येतो. हुमनाबादचे माणिकप्रभू (१८१७-१८६५) मराठीत, कन्नडात आणि हिंदुस्तानीत पदे करीत, आणि त्यांच्या दरबारात मुसलमान भक्त असत. या कथा इतिहास आहेत का? नाहीत. पण लोक काय लक्षात ठेवतात, त्याचा त्या पुरावा आहेत. दंतकथा आणि दस्तऐवज यांतला फरक शिकवायला दामाजीइतके सोपे उदाहरण दुसरे नाही, आणि तो फरक मुलाची श्रद्धा न दुखवता कसा दाखवावा, हे शिकवायला दोन तास पुरत नाहीत.

आता अवघड भागाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मी सराव-पाठाचा बाह्य निरीक्षक म्हणून एका शाळेत बसलो होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. वर्ग आठवीचा, पाठ हैदराबाद मुक्तीचा. विद्यार्थी-शिक्षक चुणचुणीत होता. त्याने फलक नीट लिहिला, नकाशा नीट टांगला, सतरा सप्टेंबर १९४८ हा दिनांक दोन वेळा वदवून घेतला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, रझाकार म्हणजे आमचे लोक का?" वर्ग गप्प झाला. त्या तरुणाने पुस्तकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "खाली बस, उरलेला भाग लिहून घ्या." पुढची पंधरा मिनिटे त्याने मजकूर सांगितला आणि मुलांनी लिहिला. माझ्या हातातल्या पत्रकात उद्देश, प्रस्तावना, फलक-लेखन, प्रश्न-कौशल्य, समारोप असे रकाने होते. मी सगळे भरले. त्याला चांगले गुण पडले. तो मुलगा पुन्हा उठला नाही. मीही उठलो नाही, आणि हे मला आजवर टोचते.

त्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते देण्यासाठी शिक्षकाला बरेच काही ठाऊक असावे लागते. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, हे ठाऊक असावे. मे १९४८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गोरट्यात रझाकारांनी केलेले हत्याकांड ठाऊक असावे. तेथे २०२३ मध्ये स्मारक झाले आहे. पण त्याबरोबरच 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या विरुद्ध लिहितो म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारला गेला, हेही ठाऊक असावे. आणि पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर काय ओढवले, तेही. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे पथक त्या वर्षाच्या अखेरीस पाठवले होते. त्यांनी सर्वांत अधिक झळ पोहोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा सांगितला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आकड्यांवर वाद आहेत, आणि ते असावेत. पण बीदर आणि गुलबर्गा ही दोन नावे त्या चारांत आहेत, आणि त्याच गावांतल्या शाळांत आमचे विद्यार्थी-शिक्षक सराव करतात.

गुरुजींनी हा भाग आम्हांला कसा शिकवला? तेव्हा घटनेला चौदा वर्षेही झाली नव्हती, वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या घरचे माणूस गेलेले होते, आणि ते सगळे एकाच बाजूचे नव्हते. त्यांनी पुस्तक मिटले. आपल्या गावची हकीकत सांगितली. उन्हाळ्यात रझाकार यायचे होते, तेव्हा गावच्या मुसलमान पटेलाने आदल्या रात्री घरोघर निरोप दिला आणि बायका-मुले शिवारात निघून गेली. सप्टेंबरात त्याच पटेलाचे कुटुंब एका वाण्याच्या कडबी भरलेल्या कोठ्यात अकरा दिवस राहिले. पटेल स्वतः वाचला नाही. गुरुजींनी एवढेच सांगितले, कोणी मारले ते सांगितले नाही. एका मुलाने विचारले, तेव्हा म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. तू मोठा झालास की ये, सांगेन." आज मला वाटते, हे टाळणे नव्हते. सातवीच्या मुलाला काय द्यावे आणि काय राखून ठेवावे, याचा तो विचार होता. तोही शिकवावा लागतो.

शिक्षकाची अडचण एवढीच नाही. १७ सप्टेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपल्याकडे तो हैदराबाद कर्नाटक विमोचन दिन होता, २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात त्याची नावे सरकारांबरोबर बदलली. दिवस एक, झेंडा एक, नावे तीन. मांजरेच्या पलीकडे उदगीरचे मूल बालभारतीचे पुस्तक वाचते. चौथीला शिवछत्रपतींचे चरित्र हा महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांचा सबंध वर्षाचा अभ्यास. भालकीच्या मराठी शाळेतले मूल बंगळूरहून आलेले, कन्नडवरून मराठीत आणलेले पुस्तक वाचते. त्यात शिवाजी महाराज एका पाठाच्या भागापुरते. उलट उदगीरच्या मुलाला चालुक्यांची राजधानी आपल्या मामाच्या गावाजवळ आहे, याचा पत्ता नसतो. ३ फेब्रुवारी १७६० ची उदगीरची लढाई मराठ्यांच्या इतिहासात विजय, आणि त्याच वेळी इकडच्या मुलुखाचा धनी असलेल्या निजामाचा पराभव. आमच्या गावच्या पूर्वजांनी त्या दिवशी दिवा लावला की विझवला? हा प्रश्न मी अनेक प्राध्यापकांना विचारला आहे. उत्तरे बोलणाऱ्याच्या राज्याप्रमाणे आली.

सीमाप्रश्नावर मी आज बोलणार नाही. महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ चा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे सारे आपणांस ठाऊक आहे, आणि माझे मत काय ते माझ्या आडनावावरून आपण ताडलेच असेल. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की १ नोव्हेंबरला ज्या वर्गात राज्योत्सवाचे गीत होते, त्याच वर्गातल्या काही घरांत तो दिवस दुःखाचा मानला जातो. शिक्षकाने दोहोंपैकी काहीही पुसून टाकू नये. फाजलअली आयोगाचा अहवाल वर्गात वाचला जावा, त्यात कोणी काय मागितले होते, ते पाहिले जावे. स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र वाचले जावे. कन्नड मुलुखात, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावी जन्मलेला हा माणूस हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत मराठी मुलांचा शिक्षक झाला आणि तेलुगू, मराठी, कन्नड या तिन्ही भागांच्या लढ्याचा पुढारी ठरला. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय निघाले ते उर्दूच्या राज्यात, मातृभाषेच्या ओढीने. या गोष्टी कोणत्याही एका राज्याच्या पुस्तकात पुरत्या मावत नाहीत.

याला परदेशी दाखला हवा असेल, तर फ्रान्स आणि जर्मनी पाहा. महायुद्ध संपून सहा वर्षे झाली नव्हती, तेव्हा दोन्ही देशांतले इतिहासाचे शिक्षक एकत्र बसले आणि १९५१ साली वादग्रस्त मुद्द्यांवर सुमारे चाळीस विधाने ठरवली. जेथे एकमत झाले नाही, तेथे तसे नोंदवले. २००६ मध्ये दोन्ही देशांसाठी एकच शालेय इतिहासाचे पुस्तक निघाले. पंचावन्न वर्षे लागली. उदगीर आणि भालकी यांच्यामध्ये कोणतेही महायुद्ध झालेले नाही. तरी दोन्हीकडचे समाज विज्ञानाचे शिक्षक एका खोलीत बसल्याचे मला आठवत नाही.

आमच्या समितीकडे मी ते मांडले. विद्यार्थी-शिक्षकाने एका घटनेचे दोन राज्यांच्या पुस्तकांतले पाठ शेजारी ठेवून वाचावेत. गावातला एक तरी मूळ कागद आणावा. एका वृद्धाची मुलाखत घेऊन ती लिहून काढावी, आणि त्या वृद्धाची भाषा त्याला येत नसेल, तर येणाऱ्या सोबत्याला घेऊन जावे. आणि सराव-पाठात मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला तर काय केले, याला गुण असावेत. बैठक सौजन्याने झाली. ब्लूमच्या उद्दिष्टांचे घटक आणि पाठनियोजनाच्या पायऱ्या जशा होत्या तशा राहिल्या. आमच्या साऱ्या सूचनांतून छापील अभ्यासक्रमात एक ओळ उतरली: 'स्थानिक इतिहास: क्षेत्रभेट व अहवाल, गुण पाच.' त्यानंतर २०२० मध्ये नवे राष्ट्रीय धोरण आले, चार वर्षांची पदवी आली, २०२४ मध्ये राज्याने ती मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. दर वेळी अभ्यासक्रम नव्याने छापला गेला. ती ओळ तशीच राहिली.

पण पाच गुणही काही कमी नव्हेत. सेवानिवृत्तीनंतर एका महाविद्यालयाने त्या पाच गुणांपुरते आठ दिवस मला दिले. वर्गात मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमांतून आलेली मुले-मुली होती. "घरातला जुन्यात जुना कागद आणा," असे मी सांगितले. कोणी पहाणीपत्रक आणले, कोणी लग्नपत्रिका, कोणी रेशनचे कार्ड. औराद तालुक्यातल्या एका मुलाने पणजोबांच्या पेटीतला एक घडी पडलेला कागद आणला. तो उर्दूत होता. घरात त्याला कोणी हात लावत नसे. जमिनीच्या भानगडीचा असेल, या भीतीने. त्या मुलाला ती लिपी येत नव्हती, मलाही येत नाही. गुरुजी असते, तर त्यांनी वाचला असता.

बीदरच्या उर्दू शाळेतून आलेली एक मुलगी पुढे झाली. तिने कागद खिडकीपाशी नेला, अक्षर लावले आणि मोठ्याने वाचून दाखवले. तो शाळा सोडल्याचा दाखला होता. मदरसे वस्तानिया. माहे खुरदाद, १३५३ फसली. फसली सनाचा हिशेब आम्ही फळ्यावर केला, १९४४ चा उन्हाळा निघाला. नाव, बापाचे नाव, गाव. मादरी जबान: मरहटी. चालचलन: अच्छा. कैफियत: घरच्या शेतीमुळे शिक्षण सोडले.

मुलाने तिला तो शेवटचा रकाना पुन्हा वाचायला सांगितला.